निघ तिथून

बजाजनगरात साळूबाईंची मेस कुठंय असं विचारलं, की रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा. पाटी कधी लावलीच नव्हती. पुढच्या खोलीत दोन लांब बाकं, मागं स्वयंपाकघर, दाराबाहेर पाण्याची निळी पिंपं, एवढाच पसारा. वाळूजच्या कंपन्यांतली पहिल्या पाळीची पोरं सकाळी डबा घेऊन जायची, दुसऱ्या पाळीची दुपारी तिथंच जेवायची. कुणी परभणीचा, कुणी वाशिमचा, एखादा पार बिहारचा. नावं साळूबाईच्या लक्षात राहत नसत, म्हणून सगळ्यांना ती 'बाळा' म्हणायची. ज्याच्या ताटात भाकरी उरली त्याची मात्र खैर नसे.

ती मूळची अजिंठ्याजवळच्या गावातली. लग्न होऊन पुंडलिकच्या घरी आली तेव्हा घरात जमीन होती, बैल होते, मोठा दीर आप्पासाहेब कारभार बघायचा. मग एकामागोमाग दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं. सगळं गाव म्हणत होतं, पुढच्या साली पडंल, पुढच्या साली पडंल. साळूबाईनं वाट बघितली नाही. मंजुषा कडेवर, शिवम पोटात, अशा अवस्थेत तिनं पुंडलिकला सांगितलं, "उद्याच्या गाडीनं निघायचं. इथं बसून राहिलो तर बसूनच मरू."

आप्पासाहेब चिडला होता. घर सोडून पळते म्हणून शेजारणींनी नावं ठेवली. पण त्या उन्हाळ्यात मागं राहिलेल्यांची जनावरं दावणीला वाळून मेली. पुंडलिकला तोवर वाळूजला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, काम मिळालं होतं. पुढं मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हाही साळूबाई आठवडाभर रडत बसली नाही. पाचव्या दिवशी तिनं चूल मोठी केली आणि चार पोरांना जेवायला घातलं. तीच पुढं मेस झाली.

वेळेवर निघायचं, एवढंच आयुष्यानं तिला शिकवलं होतं आणि ते दर वेळी खरं ठरलं होतं. पाणी संपायच्या आधी पिंप भरायचं. हातातलं काम जायच्या आधी दुसरं बघायचं. पोरांनाही ती तेच सांगायची. मंजुषा थोरली, ती हिशेबनीस झाली, लग्न होऊन मुकुंदवाडीला गेली. धाकटा शिवम डिप्लोमा करून पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. उंच, सावळा, हळू बोलणारा. आईचं सगळं ऐकून घ्यायचा आणि मग आपलं करायचं तेच करायचा. पण आईला दुखवून नाही. तिला पटेपर्यंत थांबून.

कारखान्यानं बसवलेले पंप चालू करून द्यायला शिवमला गावोगाव पाठवायचे. लातूर झालं, जामनगर झालं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याला लक्षद्वीपला पाठवलं. समुद्राचं पाणी गोडं करायचा एक प्रकल्प एका लहानशा बेटावर होत होता आणि त्याचे पंप वाळूजहून गेले होते.

"लक्षद्वीप म्हंजे कुठं?" साळूबाईनं विचारलं.

"केरळच्या बी पुढं. समुद्राच्या मधी."

"मधी म्हंजे? चारी बाजूनं पाणी?"

"व्हय माय. चारी बाजूनं."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "तुला पोहता येत नाय."

खरंच येत नव्हतं. सुट्टीत तो अजिंठ्याकडं काकाच्या मळ्यात जायचा, पण ज्या वयात पोरं विहिरीत उड्या मारतात त्या वयात त्या विहिरीला पोहण्याएवढं पाणीच नव्हतं. तळाला कळशी बुडेल एवढं असायचं.

"मला पोहायला नाय पाठवत, पंप बसवायला पाठवायलेत," शिवम हसून म्हणाला आणि बॅग भरायला गेला.

बेटावर तो सय्यद कोया नावाच्या माणसाच्या घरी खोली घेऊन राहिला. कोया पन्नाशीचा, पूर्वी मासेमारी करायचा, आता प्रकल्पावर देखरेखीला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत तो साळूबाईशीही बोलायचा. फोनवर चेहरा दिसला की म्हणायचा, "अम्मा, आपका लड़का मछली नहीं खाता, क्या करूँ?" शिवम मागं उभा राहून हसत असायचा. त्याच्या मागं नारळाची झाडं आणि झाडांमागं ते पाणी. हिरवं, निळं, डोळ्यांत मावणार नाही एवढं.

साळूबाई ते पाणी बघायची आणि तिच्याकडच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. ते साल तसंच होतं. जायकवाडीचं धरण तळाला गेलेलं, बोअर उचक्या देऊन बंद पडलेले. शहर मात्र वाढतच होतं. बजाजनगरच्या पुढं जिथं कालपर्यंत ज्वारी होती तिथं चार मजली इमारती उभ्या राहत होत्या आणि त्या इमारतींच्या पायात टँकरचं पाणी ओतलं जात होतं. मेसची भांडी साळूबाई राखेनं घासून नुसती पुसून घ्यायची. मे महिन्यात दोन वेळा मेस बंद ठेवावी लागली, डाळ शिजवायला पाणी नव्हतं म्हणून.

मे संपत आला आणि टीव्हीवर बातमी आली. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय. वादळ होऊ शकतं.

खरं सांगायचं तर ती बातमी ऐकून पहिल्यांदा साळूबाईलाही बरंच वाटलं. टँकरच्या रांगेत बायकांचा तोच विषय होता. शेजारची आशाबाई कळशी पुढं सरकवत म्हणाली, "येऊ दे बाई एकदाचं. वादळाच्या शेपटीनं का व्हईना, पाऊस तर यील."

"यील यील," साळूबाईही म्हणाली. "लई झालं आता."

घरी आल्यावर तिनं टीव्हीवर नकाशा बघितला. निळ्या समुद्रात एक लाल गोळा आणि त्याच्यापुढं बाण. बाणाच्या वाटेवर मुगाच्या दाण्यांसारखे बारीक ठिपके होते. बातमी सांगणारा म्हणाला, लक्षद्वीप बेटांना धोका. तिच्या हातातली परात तशीच राहिली.

संध्याकाळी मंजुषा आली तेव्हा तिनं आईच्या मोबाइलवर वाऱ्याचा नकाशा लावून दिला. आईला धीर यावा म्हणून. त्यात वारा रेघांनी दिसायचा. रेघा गोल फिरत होत्या. खालची पट्टी बोटानं सरकवली की उद्याचा वारा, परवाचा वारा दिसत होता. मंजुषानं शिवमच्या बेटावर खूण करून दिली.

"हे बघ, अजून कितीतरी लांब हाय."

साळूबाईनं पट्टी पुढं सरकवली. उद्या, परवा, गुरुवार. गुरुवारी तो गोळा जांभळा झाला होता आणि बरोबर त्या खुणेवर येऊन बसला होता.

"मंजे, हे काय?"

"माय, हा नुसता अंदाज असतो. सकाळी एक दाखवतंय, संध्याकाळी दुसरंच. वादळ व्हईलच असं बी अजून नक्की नाय. तू सारखं बघू नको."

पण ती बघत राहिली. भाकरी थापताना मोबाइल डब्याला टेकवून ठेवायची. पिठाच्या बोटानं पट्टी सरकवायची. कधी गोळा बेटाच्या डावीकडं दिसायचा, कधी उजवीकडं, पण फिरून फिरून तो खुणेजवळ यायचाच. जेवायला आलेल्या पोरांनाही ती दाखवायची, "बाळा, तुला इंग्रजी येतं ना, काय लिव्हलंय बघ." पोरं काहीबाही सांगायची. कुणी म्हणायचं, इथं वाऱ्याचा वेग लिहिलाय. किती आहे ते सांगताना मात्र आवाज खाली जायचा.

टँकरच्या रांगेत आशाबाईनं पुन्हा तोच विषय काढला. म्हणाली, "आमचे हे म्हनत व्हते, वादळ जोरात झालं तर आठ दिवसांत इथं पानीच पानी."

साळूबाई एकदम वळली. "तुह्या घरचं कुणी नाय ना तिथं. म्हणून सुचायलंय तुला पाणी."

आशाबाईला काही कळेना. ती साधी बाई, तिचा हेतूही वाईट नव्हता. साळूबाई मात्र कळशी न भरताच घरी आली. त्या दिवसापासून तिला सगळी वस्तीच वैऱ्यासारखी वाटायला लागली. सगळे आभाळाकडं बघून ज्याची वाट बघत होते, ते तिच्या पोराच्या अंगावरून यायचं होतं.

बुधवारी सकाळी पुंडलिक कामाला गेला नव्हता. टीव्हीवर सांगत होते की पट्ट्याचं वादळ व्हायला लागलंय. मच्छीमारांनी उद्यापासून समुद्रात जाऊ नये. नकाशावर जांभळा गोळा गुरुवारी रात्री नेमका खुणेवर होता. साळूबाईनं फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"माय, कामावर हाय," शिवम म्हणाला.

"तिथं सांगितलं का तुमाला वादळाचं?"

"व्हय, सांगितलं ना. सगळ्यांना शाळेत न्यायचं ठरलंय. लई पक्की इमारत हाय. कोयाभाई म्हणतेत, त्यांनी असली लई वादळं बघितली. तू काळजी करू नको."

"तिथून निघायला काय हाय का?"

"दुपारी एक बोट चाललीय कवरत्तीला, तिथल्या मोठ्या बेटाला. कोयाभाईच्या चुलत्याची. तिथून जहाज कोचीला जाणार हाय म्हणे."

"मग जा त्या बोटीनं."

"माय, बोटीपेक्षा शाळाच बरी. मला बोटीचंच भ्या वाटतं."

"आज आभाळ कसं हाय तिथं?"

"आभाळ निरभ्र हाय. समुद्र बी शांत हाय."

"मग? वादळ डोक्यावर आल्यावर निघशील का? शिवम, मी गाव सोडलं तवा बी सगळे म्हणत व्हते थांब थांब. थांबलेल्यांचं काय झालं ते तुह्या काकाला इचार."

"ते येगळं व्हतं, माय."

"काय येगळं नसतंय. निघायचं तवा निघावं मानसानं." तिचा आवाज चढला. पुंडलिक टीव्हीसमोरून उठून तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "मी इथं नकाशात बघायलेय. तुह्या बेटावरच येऊन बसतंय ते. निघ तिथून."

"बरं, मी कोयाभाईला इचारतो."

"इचारू नको, निघ. तू निघाला असं कळंपर्यंत मी तोंडात घास घालणार नाय. सांगून ठेवते."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. कंटाळलेलं नव्हे, मायेचं हसणं. "तू लई अवघड हायस, माय. बरं. जातो."

दुपारी त्याचा संदेश आला. निघालो म्हणून. साळूबाईनं पुंडलिकला दाखवला, मग मेसमध्ये बसलेल्या पोरांनाही दाखवला. मग ताट वाढून घेतलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

संध्याकाळी मंजुषाचा फोन आला. भाऊ बोटीनं निघालाय हे तिला कळलं. मग म्हणाली, "तू सांगितलं का त्याला?"

"व्हय."

"माय, बेटावर पक्की इमारत असताना बोटीत कशाला घातलंस त्याला?"

"आत्ता समुद्र शांत हाय म्हणला तो. उद्या येतंय वादळ. उद्यापर्यंत तो मोठ्या जहाजात असंल."

मंजुषानं फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी साळूबाईनं उठल्या उठल्या नकाशा बघितला. गोळा हलला होता. पट्टी पुढं सरकवली तरी तो खुणेकडं येईना. पश्चिमेला, मोकळ्या समुद्राकडं निघाला होता. दुपारी टीव्हीवरही तेच आलं. वादळानं दिशा बदलली, बेटांचा धोका कमी झाला. पुंडलिकनं देवाला हात जोडले. साळूबाईनं गुळाचा खडा ठेवला. मग शिवमला फोन लावला, वादळ वळलंय म्हणून सांगायला. लागला नाही. जहाजात असेल, समुद्रात रेंज नसते, असं पुंडलिक म्हणाला. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

दिवस मावळायच्या आत तिचाच फोन वाजला. पडद्यावर कोयाचं नाव होतं. तो आज चेहरा दाखवून बोलत नव्हता.

"अम्मा," तो म्हणाला, "शिवम का फ़ोन आया क्या?"

एवढं साधं वाक्य. पण साळूबाईनं फोन पुंडलिकपुढं धरला. कोयाचा आवाज ओळखीचा राहिला नव्हता. पुंडलिकनं फोन घेतला. बोट कवरत्तीला पोचलीच नव्हती.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेले. कारखान्यातले दोन साहेब घरी आले, खुर्च्यांवर अवघडून बसले, चहाला नको म्हणाले. तटरक्षक दलाचं विमान शोध घेतंय, असं कळलं. मग जहाजही शोधतंय, असं कळलं. आप्पासाहेब गावाकडून आला. ज्या भावजयीशी वर्षानुवर्षं धड बोलला नव्हता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला आणि मग ओट्यावर जाऊन बसला. मेसची पोरं बाहेर थांबायची. कुणीतरी पिंपं भरून ठेवायचं. आशाबाई भाकरी घेऊन यायची आणि दाराशी ठेवून जायची. आत यायचं धाडस तिला होत नव्हतं.

साळूबाई मोबाइल हातातून खाली ठेवत नव्हती. वादळ विरून गेलं होतं, नकाशावर आता साध्या पांढऱ्या रेघा होत्या, तरी ती पट्टी मागं सरकवायला बघायची. बुधवारवर. पट्टी मागं जात नव्हती. फक्त पुढचंच दाखवत होती.

शनिवारी उलटलेली बोट सापडली. बोटीला धरून राहिलेली तीन माणसं जिवंत होती. दोघं नव्हते. बोटवाला, म्हणजे कोयाचा म्हातारा चुलता, आणि शिवम.

पुंडलिक आणि आप्पासाहेब कोचीला गेले. साळूबाई गेली नाही. ती म्हणाली, "तो आला तर घरात कुणी पायजे." मंजुषा तिच्याजवळ राहायला आली. मायलेकी एका घरात होत्या, एकमेकींना जेवायला वाढत होत्या, पण नजर द्यायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मंजुषाच्या तोंडून निघून गेलं, "मी म्हणले व्हते तुला, तो नुसता अंदाज असतो."

साळूबाई म्हणाली, "व्हय. म्हणली व्हतीस."

मंजुषाला वाटलं, आई ओरडेल, रडेल, भांडेल. तिनं तसं काही केलं नाही. ती उठून तांदूळ निवडायला बसली. ते बघून मंजुषालाच रडू कोसळलं. ती दुसऱ्या दिवशी मुकुंदवाडीला निघून गेली आणि बरेच दिवस आली नाही.

कोचीच्या दवाखान्यात पुंडलिकला वाचलेल्यांपैकी एक जण भेटला. वादळ पाऽर लांबून गेलं होतं, पण त्याच्या नुसत्या वाऱ्यानं समुद्र खवळला. त्याच्याही आधी, बुधवारी संध्याकाळीच, इंजिन बंद पडलं होतं. शिवमनं ते उघडून दुरुस्त करायचा लई प्रयत्न केला, असं तो माणूस म्हणाला. दुसऱ्या दिवशी लाटेनं बोट पालथी केली. शिवमच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. तो कितीतरी वेळ दोर धरून होता. मग एका लाटेनंतर तो दिसला नाही. एवढंच. पुंडलिकनं घरी येऊन हे सगळं एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी सांगितलं नाही.

बेटाला काहीच झालं नव्हतं. काही माड पडले, दोन घरांचे पत्रे उडाले. शाळेच्या इमारतीत सगळं गाव एक दिवस राहिलं, मुलांनी दंगा केला, मग सगळे आपापल्या घरी गेले.

कोयाचा फोन पुन्हा आला तो पंधरवड्यानं. साळूबाईनं तो स्वतः घेतला.

"अम्मा, आपको एक बात बोलना था," तो म्हणाला. "शिवम को जाना ही था. कंपनी का काम ख़त्म हुआ था. मैंने ही बोला उसको, बोट जा रहा है, बैठ जाओ. मेरा ग़लती है."

साळूबाई ऐकत राहिली. काम संपलं नव्हतं, पंपाची शेवटची चाचणी जूनच्या मध्यावर होती, हे शिवमनं तिला दहा वेळा सांगितलं होतं. आणि हा माणूस त्याला शाळेत थांब म्हणत होता. त्या बोटीवर त्याचाही म्हातारा चुलता गेला होता. एवढ्या लांबून, परक्या भाषेत, तो तिच्यासाठी खोटं बोलत होता.

"नहीं भाई," ती म्हणाली. तिला हिंदी जेमतेम यायची. "तुम नहीं बोला. मैं बोली."

मग कोया रडतोय हे तिच्या लक्षात आलं.

देह सापडला नाही. सरकारी कागदावर तो बेपत्ताच राहिला. गावाकडची माणसं म्हणाली, असं अधांतरी ठेवू नये, विधी करून टाकावा. साळूबाई आधी नाहीच म्हणत होती. मग एके दिवशी स्वतःच आप्पासाहेबाला म्हणाली, "करा काय करायचं ते. तो दोर धरूनच बसलाय असं वाटतंय मला. सोडवा त्याला."

गावाकडची वाघूर नदी कोरडी होती. नुसते गोटे आणि मधे वाळलेला चिखल. भटजींनी दर्भाचा पुतळा करून ठेवला. अंघोळीला पाणी लागतं, म्हणून आप्पासाहेबानं टँकरवरून दोन कॅन भरून आणले होते. पुंडलिकनं नदीच्या पात्रात बसून त्या कॅनमधलं पाणी तांब्यानं डोक्यावर घेतलं. पाणी गोट्यांवर पडलं आणि तिथंच जिरलं. साळूबाई बायकांमध्ये उभी होती. तिच्याजवळ उभ्या असलेल्या मंजुषानं तिचा हात धरला. महिन्याभरानं दोघी पहिल्यांदा एकमेकींना शिवल्या. कावळा यायला वेळ लागला नाही. दुष्काळात कावळेही उपाशीच होते.

वादळानं ढग ओढून नेले म्हणे. त्या वर्षी जूनभर नुसता वारा सुटला आणि पाऊस जुलैच्या अखेरीस आला, तोही अर्धवट. बजाजनगरचे टँकर दिवाळीपर्यंत चालूच राहिले.

मेस बंदच होती. एका रविवारी दुपारी पुंडलिक ओट्यावर बसला होता. साळूबाई आत भिंतीला टेकून बसली होती, जशी ती हल्ली रोज बसायची. तो उठून आत आला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला. बराच वेळ आपल्या तुटक्या बोटांची टोकं चोळत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू फोनवर बोलत व्हतीस. मी तुह्याजवळच उभा व्हतो."

तिनं पदर सारखा केला.

"मी म्हणलो असतो, राहू दे त्याला तिथंच, तर तू ऐकलं असतंस. पण मी म्हणलोच नाय. मला बी वाटत व्हतं, निघावं त्यानं. फोन तुह्या हातात व्हता, एवढंच."

साळूबाईनं त्याच्याकडं बघितलं. "तुमी मला बरं वाटावं म्हणून बोलायलात."

"नाय," पुंडलिक म्हणाला. "मला एकट्याला सोसंना, म्हणून बोलायलो."

मग मात्र ती रडली. इतके दिवस अडून राहिलेलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढं मोठ्यानं. दाराबाहेर आशाबाई येऊन उभी राहिली. या खेपेला ती आत आली आणि साळूबाईचं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं.

मेस पुढं पुन्हा सुरू झाली. बाहेरचं जेवून पोरं आजारी पडायला लागली आणि एक दिवस चौघं येऊन नुसती बाकावर बसून राहिली. साळूबाईनं त्यांना बघितलं आणि पीठ मळायला घेतलं. ती आता कमी बोलते. ताटात भाकरी उरली तरी रागवत नाही. पोरं नोकरी बदलायची असली, गावी परत जायचं असलं, की सवयीनं तिला विचारायला येतात, कारण बजाजनगरात पहिल्यापासून तशी रीत पडून गेलीय. ती सगळं ऐकून घेते. जावं की राहावं ते सांगत नाही. "तुला काय वाटतंय?" एवढंच विचारते आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते.